मळीची टाकी आणि फेसाचे काँक्रीट

बेळगावहून निपाणीकडे येताना जमिनीचा रंग पालटत जातो, हे आपण सर्वांनी पाहिलेच आहे. बेळगावच्या आसपास तांबडी माती व जांभा दगड. निपाणी-चिकोडीकडे तंबाखू पिकविणारी काळी जमीन. शेतकऱ्याची ती काळी आई. परंतु बांधकाम करणाऱ्यास तिचा भरवसा वाटत नाही. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. अशा भूमीवर साखर कारखान्यातील मळीची प्रचंड टाकी उभी करावयाची झाल्यास तिचा भार कसा पेलावा, याचा आपण विचार करू.

मळी पाण्याच्या सुमारे १.४ पट जड असते. टाकीत ती १० मीटर उंचीपर्यंत भरली, तर दर चौरस मीटर जमिनीवर १४ टन भार येतो. सर्व टाकी सारखी खचली तर फारसे बिघडत नाही. एक बाजू अधिक खचली की मात्र तळाच्या पत्र्यांचे सांधे ताणले जातात. जपानमधील मिझुशिमा येथे १९७४ साली तेलाच्या टाकीचा पाया एके ठिकाणी खचून तळ फाटला आणि हजारो घनमीटर तेल समुद्रात गेले.

यावर एक उपाय फेसाच्या काँक्रीटचा. आंबोळीला जाळी पडते ती पीठ आंबून. येथे फेस यंत्राने वेगळा तयार करून सिमेंट, पाणी व बारीक वाळू यांच्या लगद्यात कालवितात. खडी घालीत नाहीत. साधे काँक्रीट घनमीटरला सुमारे २४०० किलो भरते. हे ६०० किलोचेही करता येते. ते स्वतःच वाहून सपाट होते, म्हणून ठोकावे लागत नाही. ठोकल्यास बुडबुडेच फुटतील! बुडबुड्यांतील हवेमुळे ते उष्णताही अडविते, म्हणून तप्त द्रवांच्या टाक्यांखालीही ते उपयोगी पडते.

आता हिशेब करू. घनमीटरला १.८ टन वजनाची माती २ मीटर खोल काढली, तर दर चौरस मीटरवरील ३.६ टन ओझे उतरले. त्या जागी ६०० किलोचे काँक्रीट भरले, तर १.२ टन परत आले. निव्वळ लाभ २.४ टनांचा. म्हणजे १४ टनांपैकी खालच्या मातीला ११.६ टनच नव्याने सोसावे लागतात. लाभ मोठा खरा, पण सगळा भार नाहीसा झाला असे कोणी समजू नये.

आमच्या मते काळ्या जमिनीत याहून मोठी अडचण वेगळीच आहे. हा पदार्थ हलका, म्हणून फुगणाऱ्या मातीला तो दाबून धरू शकत नाही. शिवाय तो पाण्याहूनही हलका. टाकी रिकामी असताना खड्ड्यात पावसाचे पाणी साचले तर ते त्यास वर उचलू पाहते. म्हणून आधी काळी माती मुरमापर्यंत काढून टाकणे आणि भोवती पाण्याचा निचरा करणे अगत्याचे. माती फार खोलवर असेल, तर खांबांचा पायाच बरा.

नवी टाकी प्रथम पाण्याने भरून काठाची पातळी ठिकठिकाणी मोजतात. परंतु तेवढ्याच उंचीच्या पाण्याचा भार १० टनच भरतो. यास्तव मळी भरताना आणि भरल्यावरही ती मापे पुनः घ्यावी लागतात.