जुनी व्ही-ट्विन : खरेदी आणि सांभाळ

व्ही-ट्विन म्हणजे एकाच क्रँकशाफ्टवर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात बसवलेले दोन सिलिंडर असलेले इंजिन. या रचनेमुळे गाडी अरुंद राहते, कमी वेगालाही भरपूर ओढ मिळते आणि सायलेन्सरमधून तो विशिष्ट धडधडाट उमटतो, ज्याच्यापायी एरवी हिशेबी असलेल्या माणसाचेही व्यवहारज्ञान काही काळ रजेवर जाते. आवाक्यातील किमतीत अशी जुनी स्पोर्ट मोटारसायकल शोधणारा पुणे जिल्ह्यातील ग्राहक बहुधा दक्षिण कोरियातील ह्योसंग कंपनीच्या गाडीपाशी येऊन पोहोचतो. 2003-04 च्या सुमारास कायनेटिकने या कंपनीची 250 सीसीची कॉमेट भारतात आणली, 2011 मध्ये गरवारे मोटर्सने वाईला जुळणी करून जीटी 650 आर विकायला काढली, 2012 मध्ये पुण्याच्या डीएसके मोटोव्हील्सने विक्रीची सूत्रे हाती घेतली आणि 2018 मध्ये कायनेटिक समूहाच्याच मोटोरॉयलने ह्योसंगशी पुन्हा हातमिळवणी केली. वितरक असे तीनदा बदलले की सुट्या भागांचा साठा, प्रशिक्षित फिटर आणि सर्व्हिसच्या नोंदी यांची साखळी प्रत्येक वेळी तुटते, आणि जुन्या गाडीच्या मालकाला इंजिनातील दोषापेक्षा हीच तूट अधिक महाग पडते.

इंजिनाचा मूळ गाभा तसा दणकट असतो. दुखणे प्रामुख्याने चार्जिंगचे असते. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकामुळे गॅरेजच्या भाषेत ‘कॉइल प्लेट’ म्हटल्या जाणाऱ्या भागात वीज तयार होते आणि रेग्युलेटर ती बॅटरीला झेपेल इतकी करून देतो; परंतु जुन्या पद्धतीचा रेग्युलेटर नको असलेली वीज उष्णतेच्या रूपाने जाळत असल्याने, त्याला पुरेसा वारा न मिळाल्यास तो स्वतःच निकामी होतो आणि पुष्कळदा कॉइल प्लेटलाही सोबत नेतो. विक्रेता ‘बॅटरी नवी टाकली आहे’ असे अभिमानाने सांगतो तेव्हा खरेदीदाराने ती जमेची बाजू न मानता, ती का बदलावी लागली हे विचारावे. इंजिन सुमारे 5,000 आरपीएमवर असताना बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटरने साधारण 13.5 ते 14.5 व्होल्ट दाखवायला हवेत. आकडा 13 च्या खाली राहिल्यास चार्जिंग अपुरे आहे, तर 15 च्या वर गेल्यास रेग्युलेटर बिघडला आहे असे समजावे. सीटखालील कनेक्टर तपकिरी पडले असतील किंवा प्लॅस्टिक वितळलेले दिसले, तर मीटरचा आकडा ठीक असूनही संशय कायम ठेवावा, कारण मावळातील पावसाळ्यात अशा सांध्यांत ओल शिरून गंज धरतो आणि गाडी नेमकी लोणावळ्याच्या चढावर बंद पडते.

मावळातील सुदुंबरे परिसराचा विचार केल्यास आणखी एक अडचण पुढे येते. तळेगाव–चाकण रस्त्यावर ट्रकांच्या रांगेमागे गाडी रेंगाळत राहते, आणि पुढच्या सिलिंडरच्या आड असल्यामुळे आधीच कमी वारा मिळणारा मागचा सिलिंडर तापून चालकाच्या मांड्यांना चटके बसतात. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी असल्याने मोकळ्या धावेचा मार्गही जुन्या महामार्गापुरताच उरतो. शेजारच्या चाकणला मोटारसायकली लाखोंनी तयार होतात, परंतु त्यांचे भाग या गाडीला लागत नाहीत. बेअरिंग, ऑइल सील, चेन, स्पार्क प्लग यांसारख्या ठरावीक मापाच्या वस्तू पुण्याच्या नाना पेठेत नमुना दाखवून मिळू शकतात. फेअरिंग, क्लच कव्हरचे गॅस्केट किंवा इंजिनाचे नियंत्रण करणारा ईसीयू मात्र तेथे मिळेलच असे नाही. सुझुकीच्या एसव्ही 650 शी इंजिनाचे साम्य असल्याने तिचे भाग बसतील, असे सांगणारे भेटतात. साम्य दिसण्यातले असते, त्यामुळे मापे ताडून पाहिल्याशिवाय पैसे गुंतवू नयेत.

कागदपत्रांचे प्रकरण थोडक्यात असे, की 2011 मध्ये नोंदलेल्या गाडीची पंधरा वर्षांची मुदत 2026 मध्ये संपते आणि त्यानंतर फेरनोंदणीसाठी तपासणी व पर्यावरण कर यांना सामोरे जावे लागते. आरसीवर बँकेचा बोजा असल्यास तो उतरवून घेतल्यावरच 29 व 30 क्रमांकाच्या अर्जांवर सह्या कराव्यात. गाडी परराज्यातील असेल तर तेथील आरटीओची एनओसी आणि महाराष्ट्रातील कर यांचा खर्च किमतीत आधीच धरावा.

चाकणच्या कारखान्यात रोज पाळीला जाणाऱ्याने ही गाडी आपले एकमेव वाहन म्हणून घेऊ नये. घरात दुसरी दुचाकी असलेल्या आणि मल्टिमीटर हाताळण्याचा कंटाळा नसलेल्या माणसाने मात्र रेग्युलेटर, कॉइल प्लेट, टायर आणि चेन-स्प्रॉकेट यांचा पूर्ण खर्च मागितलेल्या किमतीतून वजा करून मगच बोली लावावी. आणि विक्रेता रात्रभर थंड राहिलेले इंजिन खरेदीदारासमोर सुरू करून दाखवायला तयार नसेल, तर सौदा तेथेच थांबवावा.