रथाला यायचंय, पण डायलिसिसचं काय?

प्रश्न : वडील कोइमतूरला थोरल्या भावाकडे असतात, आमचं तिथं गलाईचं (सोनं-चांदी गाळण्याचं) दुकान आहे. वय ६८, पंधरा वर्षांपासून मधुमेह, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. दोन वर्षांपासून मंगळवार-शुक्रवार डायलिसिस. यंदा म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाला यायचंच, असा त्यांचा हट्ट आहे. गाडीने आणावं का?
– एक वाचक, म्हसवड

उत्तर : किडनीच्या डॉक्टरांनी होकार दिला, तर आणता येईल. मात्र प्रवास रथाच्या तिथीवरून आखू नका, डायलिसिसच्या वारावरून आखा. गलाईवाल्यांची सवय असते, रात्री दुकान बंद करून निघायचं आणि थेट गावच्या वेशीवरच थांबायचं. वडील गाडीत असताना हे चालणार नाही. कोइमतूर ते म्हसवड सुमारे १,१०० किलोमीटर आहे.

शुक्रवारी डायलिसिस झालं की त्या रात्री विश्रांती. रक्तदाब उतरलेला असतो, अंगात त्राण नसतं. शनिवारी सकाळी निघून तुमकूर, रविवारी हुबळी, सोमवारी दुपारपर्यंत मिरज. मंगळवारी मिरजेतच डायलिसिस आणि बुधवारी म्हसवड. पुढच्या फेऱ्यांसाठी मिरज, सातारा, पंढरपूर, अकलूज यांपैकी कुठे जागा मिळते ते आत्ताच विचारा. रथाची तिथी, म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा, नेमकी डायलिसिसच्या दिवशी आली, तर फेरी आदल्या दिवशी घ्यायची, पुढे ढकलायची नाही. रथाच्या गर्दीत गाडी बाहेर काढणं अवघड, म्हणून ती गावाबाहेर ठेवा. गुलाल-खोबऱ्याची उधळण वडिलांनी एखाद्या ओळखीच्या घराच्या माडीवरून पाहावी.

नवं केंद्र आयत्या वेळी रुग्ण घेत नाही. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे अहवाल, मागच्या तीन फेऱ्यांची नोंद, ठरवून दिलेलं वजन, हिपॅरिनचं प्रमाण, औषधांची यादी, हे सगळं इंग्रजीत लिहून आधीच पाठवा. एक प्रत वडिलांच्या खिशात असू द्या. तिच्यावर ठळक लिहा : फिस्टुलाच्या हातावर रक्तदाब मोजू नये, सुई टोचू नये. कर्नाटकात नवख्या दवाखान्यात मराठीत समजावत बसण्यापेक्षा हा कागद कामाला येईल.

आता खाण्यापिण्याचं. हायवेवर जागोजागी शहाळी दिसतात आणि ‘आजारी माणसाला चांगलं’ म्हणून कोणीतरी ती हातात देतंच. तुमच्या वडिलांना ती नकोत. शहाळं, केळी, संत्र्याचा रस यांत पोटॅशियम भरपूर असतं. निकामी किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, आणि वाढलेलं पोटॅशियम हृदयाची लय बिघडवतं. लोणचं-पापड नको, कारण मीठ तहान वाढवतं. आणि गावात दहा घरचा अर्धा-अर्धा कप चहासुद्धा दिवसाच्या पाण्याच्या हिशेबात धरावा लागतो, हे पाहुण्यांना आधीच सांगा. वाईटपणा तुम्ही घ्या, वडिलांना घेता येणार नाही.

किडनी बिघडली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, त्यामुळे साखर अचानक उतरण्याचा धोका मोठा. टोल नाक्यावर गाड्यांची रांग लागली आणि जेवण लांबलं, एवढं कारणही पुरतं. सुईची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या, पण ढाब्यावर ताट समोर आल्याशिवाय सुई नको, एवढं त्यांना विचाराच. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं की तीन चमचे साखर थोड्याशा पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. रस देऊ नका, कारण वर सांगितलंच. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ लावा. हा क्रमांक तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र तिन्हीकडे चालतो.

इन्सुलिन डॅशबोर्डवर किंवा डिकीत ठेवू नका. थर्मासमध्ये गार पाणी, त्यात घट्ट बांधलेल्या पिशवीत कुप्या. बर्फाला चिकटून गोठलेली कुपी फेकून द्यायची. दर दोन तासांनी गाडी थांबवून वडिलांना चार पावलं चालवा, नाहीतर पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती असते.

शेवटी एकच विनंती. मिरजेच्या केंद्राने तारीख आणि वेळ लेखी कळवल्याशिवाय कोइमतूरहून गाडी हलवू नका.