'मी', 'आम्ही' आणि 'आपण'

तत्त्वज्ञानाच्या तासाला फळ्यावर 'मी' हा शब्द अवतरणचिन्हांत लिहिला गेला, की वर्गात थोडी खसखस पिकते. ज्याच्याविषयी कोणालाच शंका नाही, त्याची व्याख्या ती काय करायची? परंतु कालचा मी आणि आजचा मी एकच कशावरून, असे विचारले की हसू मावळते. देह बदलतो, मतेही बदलतात. जॉन लॉक या इंग्रज तत्त्ववेत्त्याने १६९४ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत या प्रश्नावर एक स्वतंत्र प्रकरण घातले. त्याचे उत्तर थोडक्यात असे : जाणीव जेथवर मागे पोहोचते, गतकाळातील कृत्ये जेथवर 'माझी' म्हणून आठवतात, तेथवर ती व्यक्ती एकच.

माझ्या आजीला स्मृतिभ्रंश झाला आहे. गेल्या पावसाळ्यापासून तिला स्वतःचे नाव क्वचितच आठवते. माझ्या वडिलांना, म्हणजे पोटच्या मुलाला, ती "आपण कुठचे?" असे अदबीने विचारते. लॉकचा निकष काटेकोरपणे लावायचा, तर ही बाई माझी आजी नव्हेच! पण संध्याकाळी कापूस पुढे ठेवला की तिची बोटे वाती वळू लागतात, अगदी पूर्वीसारख्या.

येथे मानसशास्त्र मदतीला येते. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या अपस्माराच्या रुग्णाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत नव्या घटना त्याच्या लक्षात राहिनाशा झाल्या. आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली, तेव्हा दर दिवशी हे काम आपण प्रथमच करीत आहोत असे त्याला वाटे. हात मात्र दिवसेंदिवस सफाईने चाले. स्मृती एकच एक नसते, हे यावरून दिसले. आजीच्या वातींचा उलगडा होतो खरा, पण नुसती ती बोटे म्हणजे आजी काय?

विल्यम जेम्सने १८९० मध्ये जाणणारा 'मी' आणि जाणला जाणारा 'मी' असा भेद केला. दुसऱ्यात त्याने देहाबरोबर घरदार, आप्त, लौकिक, एवढेच नव्हे तर इतरांच्या मनातील आपली ओळख हीही धरली. म्हणजे माझा काही भाग माझ्याबाहेर, तुमच्यापाशी ठेव म्हणून असतो. आमच्या घराला हा विचार मोठा धीराचा वाटतो.

आपल्याच कोकणातील एका माणसाने उलट वाट धरली. मालवणजवळच्या कांदळगावात वाढलेले मारुती कांबळी मुंबईत विड्यांचे दुकान चालवीत. १९३३ च्या सुमारास त्यांना सिद्धरामेश्वर महाराज भेटले. नाव, देह, आठवणी हे सारे बाजूला सारून केवळ 'मी आहे' या जाणिवेला धरून राहावे, हा त्यांचा उपदेश. हेच पुढे निसर्गदत्त महाराज झाले. खेतवाडीतील माळ्यावर मराठीत झालेले त्यांचे संवाद मॉरिस फ्रीडमन यांनी १९७३ मध्ये इंग्रजीत आणले.

माजघरात चाहूल लागून "कोण आहे?" म्हटले, की आजी सांगते, "मी." नाव हरपले तरी हे उत्तर चुकत नाही. तरीही साधकाने सोडलेले नाव आणि आजाराने हिरावलेले नाव एकाच मापाने मोजणे मला पटत नाही. तेथे शांती असेल. येथे अपरात्री उठून बसणे आहे, भय आहे.

मराठीत 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. 'स्वतः' या अर्थीही 'आपण', आणि परक्याला आदराने संबोधतानाही 'आपण'च. गंमत अशी, की हा शब्द प्राकृत 'अप्पण'मार्गे थेट संस्कृत 'आत्मन्'पासून आलेला आहे. आजीच्या प्रश्नाला वडील पूर्वी "अगं आई, मी तुझा मुलगा" असे उत्तर देत, आणि ती बावरून जाई. हल्ली ते म्हणतात, "आपण देवरुखचे." ती मान डोलावते आणि कापूस पुढे ओढते.