आधी शब्बाथ, मग बाकीचं

प्रिय आई-बाबांनो,

सिनेगॉगच्या अंगणात भेटलात की तुमच्यापैकी बरेच जण एकच अडचण सांगता, "मुलांना आपल्या धर्माचं शिकवायचंय हो, पण वेळच होत नाही." तुमची धावपळ मी पाहते. ठाण्याहून रोज लोकलने मुंबई गाठायची, रात्री दमून परतायचं, शनिवारी मुलांची शाळा नाहीतर क्लास, आणि दहावीचं वर्ष असेल तर विचारायलाच नको. तरीही आज मनातलं सांगते. देवासाठीचा वेळ दिवसाच्या शेवटी उरेल म्हणून वाट पाहिलीत, तर तो कधीच उरणार नाही. पगार आला की घराचा हप्ता आपण आधी बाजूला काढतो, तसाच हा वेळही आधी काढून ठेवावा लागतो.

आपल्या कोकणातल्या पूर्वजांनी हेच केलं. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, धर्मग्रंथ समुद्रात गेले, असं आपण परंपरेने ऐकत आलो. पुढे कित्येक पिढ्यांना ना रब्बी मिळाला, ना सिनेगॉग. मुंबईत सॅम्युअल इझिकेल दिवेकरांनी आपलं पहिलं सिनेगॉग बांधलं ते १७९६ साली. तोपर्यंत आपल्यापाशी काय होतं? शेमाची प्रार्थना, मुलांची सुंता, खाण्याचे नियम आणि शब्बाथ. तेल गाळून पोट भरणारी ती माणसं शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. त्या दिवसाची कमाई बुडायची आणि घरात खाणारी तोंडं तेवढीच असायची. तरी तो दिवस त्यांनी विकला नाही. पुस्तकांवाचून आपण यहुदी राहिलो, त्यात या बंद घाण्याचा वाटा फार मोठा आहे. त्या घरांतल्या मुलांना कुणी व्याख्यान दिलं नसेल. बाप आज कामावर जात नाही, एवढं त्यांना दर आठवड्याला दिसत होतं.

आपल्या ज्ञानी लोकांनाही पोटापाण्याची काळजी ठाऊक होती. सवड मिळाली की शिकेन असं म्हणू नये, कारण ती सवड कदाचित येणारच नाही, असं हिल्लेल बजावतात. तालमूदमध्ये राबा सांगतात, की माणसाला शेवटच्या न्यायाच्या वेळी विचारतील, व्यवहार सचोटीने केलास का, आणि तोरासाठी वेळ नेमून ठेवला होतास का? किती शिकलास, असं इथे विचारलेलं नाही. प्रश्न नेमलेल्या वेळेचा आहे. म्हणून रोज दहाच मिनिटं जमत असतील, तर तेवढीच ठरवा, पण ती हलवू नका.

सुरुवात शुक्रवारच्या संध्याकाळपासून करा. इथे खरी अडचण घड्याळाची आहे. शब्बाथचे दिवे सूर्यास्ताच्या अठरा मिनिटं आधी लावायचे असतात. मुंबईत जूनमध्ये सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात मात्र सहाच्या आसपासच. त्या दिवसांत तुम्ही ऑफिसात किंवा गाडीत असता. म्हणून पावसाळा संपला की साहेबांशी बोलून घ्या. शुक्रवारी लवकर जाऊन लवकर निघता येतं का ते विचारा, आणि राहिलेलं काम हवं तर रविवारी भरून द्या. तेही जमलं नाही, तर घरात जे मोठं माणूस असेल त्याने वेळेवर दिवे लावावेत. आपल्या उशिरासाठी दिवे थांबवू नयेत.

मग किद्दुश, म्हणजे पेला हातात घेऊन शब्बाथसाठी म्हणायचा आशीर्वाद. मनुका भिजवून केलेलं सरबत आपल्या घरांत पूर्वीपासून चालत आलंय. ते करायचं काम मुलांवर सोपवा. गुरुवारी रात्री मनुका भिजत घालणाऱ्या मुलाला शुक्रवारची आठवण करून द्यावी लागत नाही. आणि मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायला विसरू नका. मुलग्यांसाठी एफ्राइम आणि मनश्शे यांची नावं घेतात, मुलींसाठी सारा, रिबका, राहेल आणि लेआ यांची. एफ्राइम आणि मनश्शे हे मिसरात जन्मलेले, परक्या मुलखात वाढलेले, आणि तरी आजोबा याकोबाचे राहिलेले. आपल्या मुलांसाठी याहून जवळचा आशीर्वाद कोणता? अर्ध्या मिनिटाचं काम आहे. आठवडाभर मुलांवर ओरडलेले असाल, तरी त्या अर्ध्या मिनिटात तुमचा हात मायेचाच असतो.

शनिवारच्या शाळेचं मला माहीत आहे. शाळेला पत्र लिहून विचारा. काही शाळा ऐकतात. नाही ऐकलं, तरी शुक्रवारची रात्र आणि शनिवारची दुपार तुमच्या हातात आहे. मोबाइल कपाटात ठेवा, तुमचा आधी, मग त्यांचा. आठवड्याचा पराशा, म्हणजे तोराचा त्या आठवड्यात वाचायचा भाग, मराठीत गोष्टीसारखा सांगा. "आम्हाला हिब्रू कुठे येतं," असं म्हणू नका. पेसाहची रात्र घरच्यांना समजावी म्हणून आपल्या लोकांनी १८४६ सालीच मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा छापला होता. मराठीतून धर्म शिकवणं ही आपल्याकडची जुनीच वाट आहे.

सगळं एकदम करायला जाऊ नका. महिनाभर फक्त दिवे, किद्दुश आणि आशीर्वाद. ते अंगवळणी पडलं की पराशा. मग महिन्यातून एकदा तरी सगळ्यांनी मिळून सिनेगॉगला या. मधे एखादा शुक्रवार चुकला, तर मुलांसमोर कुढत बसू नका, पुढचा पाळा. पण लग्नाचं बोलावणं, मॅच, सेल, जादा क्लास यांतलं प्रत्येक कारण शब्बाथपेक्षा मोठं ठरू लागलं, तर मुलं नेमकं तेच शिकतील, आणि मग त्यांना दोष देता येणार नाही.

आपण संख्येने थोडे आहोत. कितीतरी नातेवाईक अश्दोद आणि दिमोनाला जाऊन राहिले. इथे आणि तिथेही पुढची पिढी काय जपेल, हे आज तुमच्या घरात ठरतंय. येत्या शुक्रवारी सूर्यास्ताची वेळ बघा, ती स्वयंपाकघरात लिहून लावा, आणि त्या वेळेला घरी या.

शब्बाथ शालोम.