डंप : थांबलेल्या प्रोग्रामची साक्ष

जमाखर्चाचा मेळ बसला नाही म्हणून जाणता हिशेबनीस वहीचे पान फाडत नाही. ते पुन्हा वाचतो. खतावणीचा प्रोग्राम मध्येच थांबला, तर हाच संयम हवा. थांबण्याच्या क्षणी संगणकाच्या स्मृतीत जे होते, त्याची जशीच्या तशी नोंद म्हणजे ‘डंप’.

आयबीएमच्या मेनफ्रेमवरील कोबोल प्रोग्रामचे उदाहरण घेऊ. तेथे ‘एस०सी७’ हा संकेत आला, की अंकांच्या जागी अंक नसलेले काही आले आहे, असे समजावे. पुढील तपास असा करावा :

१. कोणत्या आज्ञेपाशी काम थांबले, तो पत्ता डंपमध्ये पाहून प्रोग्रामच्या यादीत ती ओळ शोधावी.

२. त्या ओळीतील रकमेचे क्षेत्र तपासावे. १२५ ही धन रक्कम तेथे ‘१२ ५सी’ अशी दिसते. अखेरचा ‘सी’ धन चिन्ह दाखवितो, ‘डी’ असता तर ऋण. त्याऐवजी ‘४० ४०’ दिसल्यास ते अंक नव्हेत, कोऱ्या जागा होत.

३. फाइलमधून नुकतीच वाचलेली नोंद पाहून खातेक्रमांक निश्चित करावा.

अशा वेळी दोष बहुधा थांबलेल्या प्रोग्रामात नसून, फाइल तयार करणाऱ्या आधीच्या टप्प्यात असतो. कोऱ्या जागी शून्य भरल्यास काम पुढे सरकेल खरे. पण खातेदाराची रक्कम नाहीशी होईल. म्हणून दुरुस्ती मूळ पावती पाहूनच करावी. डंपमध्ये खातेदारांची माहितीही उतरलेली असते. तो हिशेबाच्या वह्यांइतकाच जपावा.