घटक ७ : ऋतू, कुटुंब आणि संग्रहालय – प्रादेशिक संग्रहालयांतील उपक्रमांची मराठी भाषा

७.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :

• प्रादेशिक संग्रहालयांचे उपक्रम ऋतुचक्राशी का जोडले जातात, हे स्पष्ट करणे.
• वस्तूचा परिचय आणि शब्दाचा अर्थ यांतील संबंध सोदाहरण सांगणे.
• कुटुंबांसाठी लिहिलेली निवेदने, माहितीपट्ट्या आणि प्रश्न यांची भाषा तपासणे.
• आपल्या परिसरातील एखाद्या उपक्रमाचे निवेदन सुबोध मराठीत लिहिणे.

७.२ प्रास्ताविक

'जात्यातले रडतात, सुपातले हसतात' ही म्हण आपण अनेकदा ऐकली असेल. तिचा अर्थ समजण्यासाठी तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : जात्यात दाणे भरडले जातात, सुपात दळणाचे धान्य तयार असते, आणि सुपातले धान्य पुढच्या घासाला जात्यातच पडणार असते. सुपातल्या दाण्यांचे हसणे क्षणाचे आहे, यात म्हणीचे मर्म आहे. ज्या मुलाने जातेही पाहिले नाही आणि सूपही पाहिले नाही, त्याला ही म्हण पाठ करता येईल. पण त्या हसण्यातला अजाणपणा त्याला जाणवणार नाही.

म्हणजेच शब्दाचा अर्थ केवळ शब्दकोशात नसतो. वस्तू, तिचा वापर आणि तो वापर पाहिलेली माणसे यांच्या आधाराने तो टिकतो. वस्तू घरातून गेली की शब्द काही काळ भाषेत रेंगाळतो आणि मग पोकळ होतो. अशा वस्तू आज ज्या मोजक्या ठिकाणी उरल्या आहेत, त्यांत प्रादेशिक संग्रहालयांचे स्थान मोठे आहे. म्हणून तेथील कौटुंबिक उपक्रम हा मराठीच्या अभ्यासकाच्याही आस्थेचा विषय आहे.

७.३ विषय-विवेचन

७.३.१ प्रादेशिक संग्रहालय म्हणजे काय?

एखाद्या प्रदेशाच्या जीवनाशी निगडित वस्तूंचे जतन, अभ्यास आणि प्रदर्शन करणारी संस्था, असे प्रादेशिक संग्रहालयाचे ढोबळ वर्णन करता येईल. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ साली स्थापन झाले. लोकांनी त्याला 'अजब बंगला' हे नाव दिले आणि तेच रूढ झाले. मुंबईत भायखळ्याचे संग्रहालय १८७२ मध्ये जनतेसाठी खुले झाले. १९७५ मध्ये त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. सातारा जिल्ह्यातील औंध येथे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये श्रीभवानी संग्रहालय उभारले.

पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आपल्या विषयाच्या सर्वांत जवळचे आहे. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी, वाद्ये अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या. आपला अकाली वारलेला मुलगा राजा याचे नाव त्यांनी या संग्रहास दिले आणि १९७५ मध्ये तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. येथील संग्रह वीस हजारांहून अधिक वस्तूंचा आहे. राजदरबारापेक्षा माजघराची आणि स्वयंपाकघराची आठवण येथे अधिक येते.

आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २०२२ मध्ये प्राग येथे संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली. जतन आणि संशोधन यांच्या जोडीला सर्वांना प्रवेश, समाजाचा सहभाग, शिक्षण आणि आनंद यांचाही तीत उल्लेख आहे. कौटुंबिक उपक्रम हे संग्रहालयाचे अंगभूत काम आहे, असे या व्याख्येच्या आधारे म्हणता येते.

७.३.२ उपक्रम ऋतूंशी का जोडले जातात?

याची तीन कारणे सांगता येतील.

पहिले कारण सुट्ट्यांचे. कुटुंब एकत्र बाहेर पडते ते उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत. १८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन आणि १८ मेचा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन उन्हाळ्यात येतात. १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह अनेकदा दिवाळीनंतर लगेच येतो.

दुसरे कारण जतनाचे. जुने कापड आणि कागद यांना प्रकाशाने होणारी हानी साठत जाते आणि ती भरून निघत नाही. म्हणून अशा वस्तूंवर साधारणपणे ५० लक्सच्या आसपास मंद प्रकाश ठेवतात आणि त्या आलटून-पालटून मांडतात. पावसाळ्यातील दमट हवा बुरशीला पोषक असते, तेव्हा अधिकच काळजी घ्यावी लागते. 'दर हंगामात नवे प्रदर्शन' यामागे आकर्षणाइतकीच वस्तूला विश्रांती देण्याची गरज असते.

तिसरे कारण सांस्कृतिक आहे. आपल्याकडे बऱ्याच वस्तूंचे स्मरण सणाबरोबर जागे होते. दिवाळीत समई, पणती, निरांजन, लामणदिवा, ठाणवई हे शब्द एकत्र आठवतात. पोळ्याला बैलाचा साज आठवतो, आश्विनात पाटावरचा हत्ती आठवतो. सणाच्या सुमारास मांडलेली वस्तू प्रेक्षकाला आपलीशी वाटते, कारण तिच्याभोवतीची भाषा तेव्हा घरात बोलली जात असते.

७.३.३ ऋतू एक, शब्द अनेक

उपक्रमाला नाव देताना प्रादेशिक भाषाभेदांचा विचार अटळ ठरतो. हस्त नक्षत्राशी जोडलेला मुलींचा खेळ कुठे 'भोंडला', तर कुठे 'हादगा' म्हणून ओळखला जातो. खानदेशात आणि विदर्भात याच सुमारास 'भुलाबाई' असते. ती भोंडल्याची बहीण म्हणावी इतकी जवळची असली, तरी तिची गाणी आणि मांडणी स्वतंत्र आहे. श्रावण अमावास्येला बहुतेक भागांत 'पोळा' असतो, तर कोल्हापूर-सांगलीकडे त्याआधीच 'बेंदूर' साजरा होतो. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा 'तान्हा पोळा' असतो आणि त्यात लाकडी बैल सजवतात.

समजा, जळगावच्या एखाद्या संग्रहालयाने 'भोंडला कार्यशाळा' जाहीर केली. पाहुण्यांना ती कळेल. पण तेथल्याच आजींना 'हे आपले नव्हे' असे वाटेल. प्रादेशिक संग्रहालयाने प्रदेशाचा शब्द आधी लिहावा आणि अन्य शब्दांचा उल्लेख त्यानंतर करावा. प्रमाणभाषेला यामुळे बाधा येत नाही. उलट तिचा शब्दसंग्रह वाढतो. 'अडकित्ता' हा शब्दच पाहा. कन्नडमध्ये सुपारीला 'अडिके' म्हणतात. हा शब्द त्या बाजूने मराठीत आला आणि पक्का मराठी झाला.

७.३.४ निवेदनाची भाषा

पुढील दोन नमुने अभ्यासासाठी तयार केले आहेत.

नमुना १ : 'दीपोत्सवानिमित्त संग्रहालयाच्या वतीने पारंपरिक प्रकाशसाधनांच्या विशेष प्रदर्शनाचे आयोजन करण्यात येत असून सहकुटुंब उपस्थितीची विनंती करण्यात येत आहे.'

नमुना २ : 'वीज नव्हती तेव्हा घरात कोणकोणते दिवे असत? या दिवाळीत संग्रहालयात ते पाहायला या. मुलांना मातीची पणती स्वतः घडवता येईल. आजी-आजोबांनी आपल्या घरातल्या दिव्याची आठवण सोबत आणावी. वेळ : सकाळी ११ ते १.'

पहिला नमुना व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. मात्र त्यात 'करण्यात येत आहे' अशी कर्मणी रचना दोनदा आली आहे. कोण काय करणार, हे वाचकाला कळत नाही. 'प्रकाशसाधने' हा शब्द समई आणि पणती या दोन्ही शब्दांची ऊब घालवतो. दुसऱ्या नमुन्यात क्रियापदे स्पष्ट आहेत आणि कुटुंबातल्या तीन पिढ्यांपैकी दोघींना निश्चित काम दिले आहे. त्यातही एक उणीव आहे, ती शोधण्याचे काम स्वाध्यायात दिले आहे.

७.३.५ माहितीपट्टी आणि प्रश्न

कुटुंबासाठी लिहिलेली माहितीपट्टी मोठ्यांनी मुलांना वाचून दाखवायची असते. म्हणून वाक्ये लहान असावीत आणि प्रश्नाचे उत्तर वस्तूकडे पाहून देता यावे. 'या दिव्याचे सांस्कृतिक महत्त्व काय?' या प्रश्नावर मूल गप्प बसते. 'या दिव्यात तेल कुठे भरत असतील? साखळी कशासाठी असेल?' असे विचारले की ते वाकून पाहू लागते. 'तुमच्या घरी याला काय म्हणत?' हा प्रश्न तर आजीसाठी असतो. पट्टीने सगळे सांगून टाकले, तर आजीला बोलायला जागा उरत नाही. चांगली पट्टी नेमके तेवढेच सांगून थांबते.

येथे काळाच्या निवडीकडेही लक्ष द्यावे. 'आदिवासी तारपा वाजवत असत' हे रीतिभूतकाळातील वाक्य तारपा वाजवणाऱ्या आजच्या वारली माणसाला इतिहासजमा करते. तारपा आजही वाजतो. म्हणून 'वाजवतात' हेच रूप योग्य आहे. उलट, ज्या वस्तूचा वापर खरोखर थांबला, तिच्यासाठी 'वापरत असत' हे रूप यथार्थ ठरते. काळाचे एक रूप बदलल्याने एखादा समाज वर्तमानातून बाहेर ढकलला जाऊ शकतो, हे अभ्यासकाने कायम लक्षात ठेवावे.

७.३.६ 'कुटुंब' या शब्दात कोण येते?

सार्वजनिक संग्रहालय हे सर्वांचे असते. संक्रांतीनिमित्त 'सुवासिनींसाठी हळदीकुंकू' असे निवेदन लिहिले की विधवा, अविवाहिता आणि अन्य धर्मीय स्त्रिया यांना दार बंद होते. लिहिणाऱ्याचा हेतू तसा नसला तरीही. त्याऐवजी 'तिळगूळ आणि हलव्याचे दागिने : सर्वांसाठी' असे लिहिता येते. वस्तू तीच, ऋतूही तोच. बदलला तो एक शब्द, आणि त्याबरोबर येणारी माणसे.

'सहकुटुंब' हा शब्दही तपासून पाहा. आजोबांबरोबर आलेली नात किंवा आईसह आलेला एकुलता मुलगा यांनाही तो सामावतो का? 'घरातल्या कोणाहीबरोबर या' हे वाक्य साधे आहे, पण त्याचे अंगण मोठे आहे. गावापासून संग्रहालय दूर असेल, तर संग्रहालयानेच चालत येणे हाही मार्ग आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमधील फिरते संग्रहालय चालवले आहे.

७.४ स्वयं-अध्ययन प्रश्न

अ) रिकाम्या जागा भरा.
१. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला लोकांनी ......... हे नाव दिले.
२. 'वाजवत असत' हे ......... काळाचे रूप आहे.

आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
१. जुने कापड मंद प्रकाशात का ठेवतात?

उत्तरे : अ) १. अजब बंगला २. रीतिभूत. आ) १. प्रकाशाने होणारी हानी साठत जाते आणि ती भरून निघत नाही, म्हणून.

७.५ सारांश

वस्तू घरातून गेली की तिचा शब्द पोकळ होत जातो. प्रादेशिक संग्रहालयांचे ऋतुकालिक उपक्रम सुट्टी, जतन आणि सण या तीन कारणांनी आखले जातात. त्यांतून वस्तू, शब्द आणि तो शब्द वापरलेली माणसे पुन्हा एकत्र येतात. यासाठी निवेदनाची भाषा प्रदेशाची, क्रियापदांनी स्पष्ट आणि कोणालाही न वगळणारी असावी.

७.६ शब्दार्थ

लामणदिवा : साखळीने टांगलेला दिवा. ठाणवई : उभी दिवठाण, दिवा ठेवण्याचे उंच साधन. तारपा : दुधी भोपळ्यापासून केलेले फुंकून वाजवायचे वाद्य. लक्स : प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे एकक.

७.७ स्वाध्याय

१. 'नमुना २' मध्ये कोणती आवश्यक माहिती राहिली आहे? ती घालून निवेदन पुन्हा लिहा.
२. आपल्या भागातील एका सणाचे किंवा खेळाचे स्थानिक नाव आणि अन्य प्रदेशांतील नावे यांची तुलना करा.
३. क्षेत्रीय कार्य : आपल्या घरातील किंवा शेजारच्या ज्येष्ठ व्यक्तीला वापरातून गेलेल्या पाच वस्तूंची नावे विचारा. प्रत्येक वस्तूचा वापर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि त्यांपैकी एकीसाठी चाळीस शब्दांची माहितीपट्टी तयार करा. आपल्यापैकी अनेकांनी जाते, उखळ, कंदील स्वतः हाताळले असतील. तो अनुभव अभ्याससामग्रीच आहे. तो संकोच न करता लेखनात आणावा. हे काम पुढच्या सुट्टीपर्यंत लांबणीवर टाकू नये, कारण ज्यांना विचारायचे ती माणसे वयोवृद्ध आहेत.