अणूचें अंतरंग

सोन्याचा तुकडा आपणांस अगदीं भरीव भासतो. परंतु त्याच्या अणूंचें अंतरंग कसें आहे, हें डोळ्यांनीं दिसत नसतां कसें कळलें, तें आपण पाहूं.

सन १८९७ त थॉमसन यांनीं ऋणभारित इलेक्ट्रॉन शोधून काढला. अणूंत धनभार सर्वत्र पसरला असून त्यांत इलेक्ट्रॉन रुतलेले असावेत, असें त्यांचें मत होतें. पुढें १९०९ त मँचेस्टर येथें रदरफोर्ड यांच्या देखरेखीखालीं गायगर व मार्स्डेन यांनीं सोन्याच्या अत्यंत पातळ वर्खावर धनभारित अल्फाकण सोडले. बहुतेक कण आरपार गेले; फारच थोडे मात्र मागें उलटले. ह्या थोडक्यांची उपेक्षा न करितां रदरफोर्ड यांनीं १९११ त अनुमान काढिलें कीं, अणूचा धनभार व बहुतेक सर्व वस्तुमान मध्यभागींच्या अतिसूक्ष्म केंद्रकांत एकवटलेलें असलें पाहिजे.

केंद्रकांत धनभारित प्रोटॉन असतात, आणि बहुधा त्यांजबरोबर भाररहित न्यूट्रॉनही असतात. न्यूट्रॉनचा शोध चॅडविक यांनीं १९३२ त लाविला. प्रोटॉनांच्या संख्येवरून मूलद्रव्य ठरतें. कार्बनांत ते ६, तर सोन्यांत ७९. केंद्रकाबाहेरील विस्तीर्ण प्रदेश इलेक्ट्रॉनांचा. एका प्रोटॉनाच्या वस्तुमानाची बरोबरी करावयास सुमारें १८३६ इलेक्ट्रॉन लागतील!

विद्यार्थिमित्रहो, अणूचें द्वार उघडलें तें परतलेल्या मूठभर कणांनीं. म्हणून प्रयोगवहींत अपेक्षेविरुद्ध आलेला आंकडा खोडण्यापूर्वीं आपण तो प्रयोग पुनः एकदां करून पाहावा, हें बरें.